गढूळ झरा

आमच्या गावाबाहेरच्या तलावावर हल्ली बोटी आल्या, भेळेच्या गाड्या आल्या, मातीच्या जुन्या बांधावर रंगीत फरशा आणि सेल्फी पॉइंट आला. खुद्द बांधाकडे बघायला मात्र कुणी आलं नाही. त्या बांधाच्या अगदी खाली माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. अक्का तिथं एकटी राहायची.

मागच्या उन्हाळ्यात बांधाच्या पायथ्याशी ओल आली आणि पाणी झिरपायला लागलं. सोलापुरात, ऐन मे महिन्यात, न मागता पाणी! बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडले. त्यात अक्का सगळ्यांत पुढं. मग तलावाच्या कार्यालयानंही तिथं सिमेंटचं कुंड बांधलं आणि ‘पवित्र झरा’ अशी पाटी ठोकली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. घराचं छत गळायला लागलं तर त्याखाली आरती करतात का?

पावसाळ्यानंतर झरा गढूळ झाला. पाणी नितळ असतं तर एक वेळ समजू शकले असते. गढूळ येतंय म्हणजे बांधाची माती आतून निघून चाललीय, हे कळायला इंजिनिअर कशाला व्हायला पाहिजे? मी कार्यालय गाठलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

“बाई, सोलापुरात पाणी येतंय म्हणून तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

शेजारच्या टेबलावरचेही हसले. संतापानं मी समोर आलेला चहा तसाच ठेवून उठले.

तशीच अक्काकडे गेले. ती झऱ्याची घागर जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळत होती. फडक्यावर राहिलेली बारीक माती तिनं तुळशीत टाकली.

“रोज एवढी निघती बघ. लई चांगली माती हाय,” ती कौतुकानं म्हणाली.

“अगं, ही बांधाची माती हाय!” मी ओरडलेच. “बांध आतनं वाहून जायलाय, अक्का. त्योच तू गाळून तुळशीत टाकायलीस.”

ती ओलं फडकं हातात धरून बांधाकडं बघत राहिली. वर बोटिंगची गाणी जोरात चालली होती.

“मग आत किती उरलीया गं?”

याचं उत्तर ज्यांनी द्यायचं, ते हसून मोकळे झाले होते. अक्काला मी त्याच संध्याकाळी हाताला धरून माझ्या घरी आणलं. तिची बाकीची गल्ली अजून तिथंच झोपते.