बासनातली विलासवती

मंगळवारी सकाळी नाशिकच्या चर्चासत्रात मिळालेली फाईल आणि वाळलेला गुलाब पिशवीतून काढत होते, तेवढ्यात मिलिंदचा फोन आला. "ताई, आई गेली. पहाटे, झोपेतच." मिलिंद म्हणजे सुमनकाकूंचा मुलगा. मी फक्त "निघते" म्हटलं. विरारहून रिक्षात बसले आणि आधी आठवला तो रविवार. त्या रविवारी मी काकूंकडे एका जुन्या कादंबरीचा शेवटचा अध्याय वाचायला जाणार होते. गेले नाही, कारण नाशिकला बोलावणं होतं. चर्चासत्राचा विषय होता, 'विस्मरणात गेलेल्या लोकप्रिय कादंबऱ्या'. टाळ्या बऱ्या पडल्या होत्या.

काकूंची नि माझी ओळखही अशाच एका भाषणातून झाली. बारा वर्षं झाली असतील. वसईतल्या एका ग्रंथालयात मी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्यांवर बोलले होते. भुयारं, खलनायक, वेषांतरं आणि नावात हमखास एक 'अथवा' असलेल्या कादंबऱ्या. डॉक्टरेट नवी होती, जीभ सैल होती. या कादंबऱ्या रद्दीत गेल्या म्हणून साहित्याचं काही बिघडलं नाही, असं मी ठासून सांगितलं. माणसं पांगल्यावर फिक्या पातळातल्या, सत्तरीकडे झुकलेल्या एक बाई पुढे आल्या. "आमच्याकडे एक आहे," त्या म्हणाल्या. "पण ती देवघरात असते. बघायची असेल तर आंघोळ करून ये."

मला वाटलं, बाई चेष्टा करतायत. पण पुढच्या रविवारी मी खरंच न्हाऊन राजोडीच्या वाटेवरच्या त्यांच्या वाडीत गेले. केळी, पानवेली, मागे बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, त्याच्या काठाशी घर. देवघरात तांब्याच्या ताम्हनाशेजारी तांबड्या बासनात पोथी होती. काकू लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासूबाईंनी ती दाखवून सांगितलं होतं, "उघडाची नाय गो. निस्ते हात जोडाचे." सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, त्यांच्या सासूलाही नव्हती. काकू प्राथमिक शाळेत मास्तरीण, पण सासूचा शब्द मोडायची रीत नव्हती. श्रावणातल्या दर सोमवारी बासनाला हळदकुंकू, फूल, दुधाची वाटी. असं बावीस वर्षं चाललं. मग सासूबाई गेल्या, आणि एका पावसाळ्यात देवघराच्या भिंतीला ओल आली. ऊन पडलं तसं काकूंनी बासन ओटीवर आणून सोडलं. आत 'विलासवती अथवा सातव्या दालनाचे गूढ'. पहिल्याच पानावर दिवा धरलेली बाई आणि पिस्तूल रोखलेला मिशाळ पुरुष. कापडातून झिरपलेलं कुंकू नेमकं त्या मिशाळाच्या कपाळावर बसलं होतं. लेखकाचं नाव असलेला कोपरा कसरीने खाल्ला होता.

उलगडा पुढे एका म्हाताऱ्या नातलगाकडून झाला. सासऱ्यांची एक आत्या विधवा होऊन माहेरी परतली होती. घरातल्या बायकांत तेवढी तीच वाचणारी. भावाला कादंबऱ्यांचा राग, बायका बिघडतात म्हणे. मग आत्याने पोथीच्या बासनात विलासवती बांधली आणि रोज दुपारी देवघरात बसून भक्तिभावाने वाचत राहिली. आत्या अचानक गेली, बासन तसंच राहिलं. खऱ्या पोथीचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. मी पोट धरून हसले. मग विचारलं, "आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत?" काकू म्हणाल्या, "काय करणार? पुढच्या सोमवारी हळदकुंकू वाहिलं. इतकी वर्षं वाहिलं, आता बंद केलं तर तिला काय वाटेल?"

मी बरीच ग्रंथालयं धुंडाळली, दुसरी प्रत कुठेच मिळाली नाही. काकू पुस्तक घराबाहेर न्यायला देईनात. इथेच बसून वाच म्हणाल्या, आणि मोठ्याने वाच. त्यांनी स्वतःही ती वाचली नव्हती, पोथी एकटीने वाचायची नसते म्हणे. ओटीवर आमचं वाचन सुरू झालं, जमेल त्या रविवारी एक अध्याय. कधी परीक्षेचे पेपर, कधी माझ्या सासूबाईंचं आजारपण, मध्ये सहा-सहा महिने खंड पडायचा. मी गेले की सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, बशी पुढे यायची. पाचूबंदरची फिलूबाय चर्चमधली सकाळची मिस्सा आटपून मासळीची पाटी घेऊन यायची, तीही टेकू लागली. काकूंचा नियम होता, मासळी पायरीखाली, पोथी वर. फिलूबायला वाचता येत नव्हतं, पण मागच्या वेळी कुठे थांबलो ते तिला माझ्यापेक्षा चोख आठवायचं. एकदा मी घसा साफ करायला थांबले तर म्हणाली, "थांबू नको बाय. तो दाराआड कोन हाय ते सांग." पाटीतले बोंबील उन्हात मऊ पडत होते. लोकप्रिय कादंबरीवर मी चारशे पानांचा प्रबंध लिहिला आहे, पण त्यात हे कुठेच नव्हतं.

काकूंना एक खोड होती. पुस्तक वाचून संपलं की शेवटच्या पानावर पेन्सिलीने तारीख आणि शेरा, मुलांच्या वह्यांवर द्यावा तसा. 'ठीक.' 'मध्ये पसारा फार.' 'पुन्हा प्रयत्न करावा.' ग्रंथालयाची पुस्तकंही यातून सुटली नाहीत, त्यावरून एकदा ग्रंथपाल घरापर्यंत आले होते. काकूंनी त्यांना चहा दिला आणि खोडरबर दिलं.

विलासवतीचा शेवटचा अध्याय तेवढा राहिला. पोथीची समाप्ती माणसं जमवून, प्रसाद करून करायची असते, असं काकूंचं म्हणणं. तोवर त्या पानांचा फोटोसुद्धा काढायचा नाही, अशी तंबी. मी गेले की काहीतरी आडवं यायचं. आज फिलूबाय आली नाही. आज शिऱ्याला रवा नाही. आज चष्मा सापडत नाही... "पण वाचायचं मला आहे," मी म्हणायची. "मला ऐकताना लागतो," त्या म्हणायच्या. मग आम्ही मागचाच एखादा अध्याय पुन्हा वाचायचो, आणि निघेपर्यंत दुपार टळलेली असायची. अशी तीन वर्षं गेली. खरं सांगायचं तर मी कधीकधी वैतागायची.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. शेवटच्या भेटीत चेहरा उतरलेला होता. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आता संपवून टाकू. येत्या रविवारी नक्की ये. शिरा करते." मी हो म्हटलं. शुक्रवारी फोन करून नाशिकचं सांगितलं. "जा, जा," त्या म्हणाल्या, "तिथे आमच्या विलासवतीचं नाव घे." मी घेतलं. तरी इकडे काकूंनी शिरा केला होता, हे मिलिंदने दिवस झाल्यावर सांगितलं. मला ते आजही बोचतं. शेवट न कळताच त्या गेल्या आणि तेही माझ्यामुळे, हेच मनात घेऊन मी पाच आठवडे वावरत होते.

मागच्या रविवारी मिलिंदने बोलावलं. "बासन तुम्हीच घेऊन जा, ताई. आई तसं म्हणून गेलीय." फिलूबायही आली होती, पाटी नेहमीप्रमाणे पायरीखाली. मिलिंदने शिरा केला होता, जरा करपलेला. मी बासन सोडलं आणि शेवटचा अध्याय काढला. आधी मनात एकदा वाचून घ्यावं म्हणून पानं उलटली. अखेरच्या पानावर, 'समाप्त'च्या खाली, पेन्सिलीतलं ओळखीचं अक्षर होतं.

'शेवट गुंडाळला आहे. सातव्या दालनात काहीच नाही. दोघींना सांगायचे नाही.'

खाली तारीख. तीन वर्षांपूर्वीची.

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे शेवट त्यांना कधीचाच ठाऊक होता. त्या कादंबरीसाठी थांबल्याच नव्हत्या, आमच्यासाठी थांबल्या होत्या. रवा संपल्याचं सांगत, चष्मा हरवत, तीन वर्षं. आणि ज्या रविवारी त्यांनी खरोखर बोलावलं, त्या रविवारी मी गेले नाही. डोळे भरून आले, अक्षरं दिसेनात. मिलिंद बशा उचलून आत गेला.

"मंग?" फिलूबायने विचारलं. "काय हाय त्या दालनात?"

मी पुस्तक मिटलं, बासनात बांधलं आणि गाठ मारली.

"फिलूबाय, आज चष्मा विसरले."

तिने माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं. मग शिऱ्याचा शेवटचा घास खाल्ला, पदराला हात पुसला आणि पाटी डोक्यावर घेतली.

"बरं," ती म्हणाली. "मंग आयताराला येते."