खंडेनवमीनंतरचा मेल

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सीमा दौंडहून शिरूरच्या कारखान्यात पोचली, तर पोपटआप्पा फाटकातच उभे. कांदा पावडरीचा हा कारखाना त्यांचा. कॉम्प्युटरचं सगळं सीमाकडं.

"मेल जाईना. गिऱ्हाइकाचा कंटेनर बंदरात अडकलाय. कागद आज गेलं न्हाई, तर मी पुण्याची कंपनी बघतो. तुझा हिशोब करून टाकू."

सीमाला कारण लगेच कळलं. स्टोअरच्या तात्याबांनी खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद केली होती, पुसून हळदकुंकू लावलं होतं. आत मेल सर्व्हरच्या गळ्यात झेंडूचा हार अजून तसाच.

"मामा, याला कशाला बंद केलं?" तिनं तात्याबांना विचारलं.

"यंत्रच हाय ना? वर्साचा एक दिस त्यालाबी इसावा."

एरवी बॅटरीच्या जोरावर तो सर्व्हर वर्षभर अखंड चालायचा. बंद होऊन उठला, की मात्र आपलं नाव राऊटरला विचारायचा. राऊटरही तेव्हाच उठलेला, उत्तर द्यायला उशीर, आणि दिलं तरी चुकीचं. मग सर्व्हर भलतंच नाव सांगत दुनियेत फिरायचा, आणि गिऱ्हाइकाचा सर्व्हर त्याला उंबऱ्यावरूनच हाकलायचा.

गेल्या वर्षी हेच झालं होतं. तिनं नाव सर्व्हरच्याच फाईलीत लिहून ठेवलं, आणि आप्पांना म्हणाली, "एकदा बंद-चालू करून बघू द्या." आप्पा म्हणाले, "चालतंय ना? मग हात लावायचा न्हाई." वर्षभर तिनं चारदा विचारलं, चारदा तेच ऐकलं. आणि आता खापर तिच्याच डोक्यावर.

तिनं दात-ओठ खात हातानं नाव घातलं. कागद गेले. आप्पांचा जीव भांड्यात पडला.

"झालं ना? आता हात लावू नको."

"लावणार."

"काय म्हनलीस?"

"बंद-चालू करून बघणार, आप्पा. आत्ता. कागद पोचलेत, पुढचा कंटेनर सोमवारी. आज न्हाई तर पुढच्या खंडेनवमीला पुन्हा मीच शिव्या खायच्या."

तिनं हार बाजूला केला आणि बटण दाबलं. पंखा थांबला. आप्पा कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. सर्व्हर उठला, आणि नाव पुन्हा भलतंच!

"आता?" आप्पा ओरडले. तात्याबा हळूच म्हणाले, "पुजंत कायतरी चुकलं का माझं?"

सीमा पडद्यावर सर्व्हरची नोंद वाचू लागली. आता तिला दिसत तरी होतं. उठल्यावर राऊटरकडून नेटवर्कचा पत्ता घेताना तिची लिहिलेली फाईलच पुसली जात होती. हेच तर गेल्या वर्षी बघायचं होतं! तिनं सर्व्हरला कायमचा पत्ता दिला, राऊटरला नाव विचारणं बंद केलं, आणि नाव-पत्ता दोन्ही पुन्हा लिहिले. बटण दाबलं.

या खेपेला नाव बरोबर आलं. तिनं गिऱ्हाइकाला चाचणीचा मेल टाकला. पोचला.

"मग हे पयलंच का न्हाई केलं?" आप्पा म्हणाले.

सीमानं त्यांच्याकडं बघितलं.

"तात्याबामामा, राऊटरचीबी पिन काढा," ती म्हणाली. "खंडेनवमीसारखं दोन्ही संगं बंद करून अजून एकदा बघते."

आप्पा उठले आणि तिला न अडवता केबिनमध्ये गेले.