बुआजींच्या चंदेरीवरचा डाग

दिवाकर पिंगळ्यांनी झाशीला रेल्वेच्या प्रयोगशाळेत उभी हयात इंजिनांचं पाणी तपासण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर तो जाच घरावर आला. खिशात लिटमसची चिटोरी कायम. निळं चिटोरं लाल झालं की आम्ल, लाल निळं झालं की क्षार. दोन्ही होती तशीच राहिली की पिंगळे हिरमुसत. बायकोचं, म्हणजे सिंधूताईंचं, ताक, शेजाऱ्यांची भांड्यांची पावडर, एकदा तर देवळातलं तीर्थसुद्धा त्यांनी तपासलं. तेव्हापासून पुजारी त्यांच्या हातावर पळी उपडी करताना आधी त्यांचा खिसा बघतो.

अशा माणसाच्या लेकीचं, आभाचं, लग्न झाशीजवळच्या गरौठा गावातल्या बुंदेली हर्षितशी ठरलं. हळदीच्या सकाळी नवऱ्याची उष्टी हळद घेऊन त्याची बुआ, म्हणजे आत्या, आल्या. आपली ही मराठी रीत त्यांनी फोनवर नीट समजून घेतली होती आणि त्यासाठी सायीच्या रंगाची नवी चंदेरी नेसली होती. बुआजींनी नाक मुरडलं तर त्या घरी नवऱ्याकडची वरात जात नाही, असा त्यांचा लौकिक.

वाटी घ्यायला पिंगळे इतक्या अगत्याने धावले की अर्धी हळद बुआजींच्या पदरावर सांडली.

"अभी निकाल देता हूँ," म्हणत, सिंधूताई नको नको करत असताना, त्यांनी पदरावर कपड्यांचा साबण खसाखसा घासला. डाग लालभडक झाला.

बुआजी मटकन पाटावर बसल्या.

"ब्याव के दिन खून को रंग," त्या म्हणाल्या. "हमाए इतै ऐसे में बरात नईं चढ़त." आणि भावाला, हर्षितच्या वडिलांना, कळवायला त्यांनी फोन काढला. आभाचा चेहरा पडला.

पिंगळ्यांचा मात्र उजळला.

"अहो, हसताय काय? लेकीचं लग्न मोडायला निघालंय."

"सिंधू, आयुष्यभर बाटलीतली दर्शकं वापरली गं. फिनॉल्फ्थॅलीन काय, मिथिल ऑरेंज काय. आणि मसाल्याच्या डब्यातलं दर्शक ओळखलं नाही. क्षारात हळद लाल होते. साबण क्षार."

"मग आम्ल ओता आणि गप्प बसा."

पण गप्प बसून केलेला प्रयोग पिंगळ्यांना ठाऊक नव्हता. "बुआजी, फोन दो मिनिट रोकिए," म्हणत त्यांनी साबणाच्या फेसात लाल चिटोरं बुडवलं. ते निळं झालं. लिंबू चिरून त्याच्या रसात निळं बुडवलं. ते लाल झालं. मग डागाच्या कडेला रसाचा एक थेंब सोडला. तेवढी कड पिवळीधमक.

बुआजींनी फोन मांडीवर ठेवला. "फिर से करो."

दुसऱ्या थेंबानंतर त्यांनी लिंबाची फोड आपल्याच हातात घेतली. सगळा डाग पिवळा झाला. मग त्यांनी साबणाचं बोट टेकवून स्वतःच एक लाल टिकली काढली, लिंबाने पुसली, पुन्हा काढली. तिसऱ्या टिकलीला त्यांना हसू फुटलं. तेवढ्यात भावाचाच फोन आला.

"कछू नईं भैया," बुआजी म्हणाल्या, "बरात टैम से लै आइयो."

आभाला हळद लावायला पिंगळे पुढे सरसावले, तर बुआजींनी त्यांचं मनगट धरलं. हळद आणि साबणाने पिंगळ्यांचे तळवे लाल झाले होते.

"समधीजी, पैलां हाथ धोओ. और साबुन से नईं."