ताईच्या नावाला पाय लागला

वेस्ट विंडसरमधल्या आमच्या शेजारीणबाई नव्वदी ओलांडलेल्या. जर्मनीतल्या एका छोट्या गावातल्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या. युद्धाच्या तोंडावर आईवडिलांना एकाच मुलीला बाहेर पाठवता येणार होतं. त्यांनी धाकटीला, म्हणजे यांना, बोटीत बसवून दिलं. मागे राहिलेलं कुणी वाचलं नाही. त्या पुन्हा कधी तिकडे गेल्या नाहीत. पण आम्ही लेकीला भेटायला जर्मनीला निघालो, तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक पत्ता ठेवला. "घरासमोरच्या फरशीत ताईची आठवण म्हणून तिच्या नावाची पितळी पट्टी बसवलीय म्हणे. आहे का, एवढं बघून ये."

गाव दृष्ट लागण्याइतकं नीटनेटकं. खिडक्याखिडक्यांत फुलं. मला त्या नीटनेटकेपणाचाच राग आला. घर सापडलं, पट्टी सापडेना. नवरा घड्याळ बघत म्हणाला, "अगं, पार्किंगचा टाइम संपतोय. फोटो काढ आणि चल." वळून त्याला चार शब्द सुनावणार, तोच पायाखाली काहीतरी गुळगुळीत लागलं. बघते तर ताईच्या नावावर मी बुटांसकट उभी.

झटकन मागे झाले, वाकले, पट्टीला हात लावून तो कपाळाला लावला. पुस्तकाला पाय लागला की करतो तसंच. समोरची सायकलवाली थांबून बघत होती, बघू दे. पट्टीवर नाव आणि दोन सालं. मनात वजाबाकी केली. अवघी बारा वर्षं. मला नागपूरची माझी बहीण आठवली. सहा वर्षं भेट नाही. दरवेळी काहीतरी निघतं आणि मी तिकीट कॅन्सल करते. तिथे फुटपाथवरच रडू आलं.

परतल्यावर शेजारीणबाईंना फोटो दाखवला. पाय लागल्याचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांच्यासमोर बसल्यावर लपवणं जमेना. माफी मागितली. हात कपाळाला का लावला, तेही समजावलं.

त्यांनी फोटो पुन्हा जवळ घेऊन बघितला. मग म्हणाल्या, "गार होती का गं?"

"नाही. ऊन होतं, चांगली कोमट होती."

"कुठला हात लावलास?"

मी उजवा पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला. तीस वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या तोंडून जर्मन कधी ऐकलं नव्हतं. आता त्या हळू आवाजात तेच बोलत होत्या, आणि माझ्याशी बोलत नव्हत्या.