वरण भातावर की बाजूला

देवरीच्या हायवेवर माझ्या ढाब्याला लागूनच माझ्या शेजाऱ्याचा ढाबा आहे. गिऱ्हाईक बसलं की तो मान तिरकी करून विचारतो, "वरण भातावर टाकू, का बाजूले देऊ जी?" या प्रश्नाने माझं डोकं फिरतं.

लॉकडाऊनमध्ये छत्तीसगडची माणसं पायी घरी निघाली, तेव्हा आम्ही दोघांनीही त्यांना फुकट जेवू घातलं. मी रांग लावून खिचडीची पाकिटं वाटली, तीही तूप घालून. हा मात्र एकेकाला खाटेवर बसवून तेच विचारायचा.

"फुकटच्या जेवणाले कायले विचारून राहिला बे?"

"जेवून कोन राहिला, मी का ते?"

त्याच्या वरणात मीठसुद्धा कमी असतं. तरी आजही छत्तीसगडची बस माझ्या दारात थांबते, आणि ती माणसं उतरून त्याच्याकडे चालत जातात.