सुधाकरभाऊंचा कान

सुधाकरभाऊंना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "पाहू ना, काय घाई आहे?" चहा घेता का, तरी तेच. अंगणात साप निघालाय, तरी तेच. एकदा गल्लीतल्या एकाने सासू वारल्याचं सांगितलं, तर भाऊ हसून म्हणाले, "लय चांगलं झालं." तेव्हा कुठे आम्हा अमरावतीच्या शेजाऱ्यांच्या डोक्यात उजेड पडला, की या माणसाला ऐकूच येत नाही.

डावा कान लहानपणीच गेलेला. आता उजव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली. शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांचा व्यापार ज्याने जन्मभर बोलण्यावर केला, त्याची ही गत. निर्मलावहिनी मला म्हणाल्या, "आदी आयकत नव्हते, आता आयकू येत नाही. मले काय फरक पडला?" आणि ढसाढसा रडल्या.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: गाठ काढताना कानात यंत्र बसवू, पण नस शाबूत राहिली तरच ते उपयोगाचं. यंत्र सुरू झालं त्या दिवशी भाऊ वैतागले. "सारे बदकावानी बोलून राह्यले. इचा तं आवाजच वळखू येत नाही." वहिनींचं तोंड एवढंसं झालं. पुढे भाऊ आमच्या ओठांकडे टक लावून बोलायचे, त्यामुळे खरंच किती कळतं ते देव जाणे.

तीन महिन्यांनी तपासणी. पुण्याहून आलेली एक मुलगी तोंडापुढे कागद धरून वाक्यं म्हणणार, भाऊंनी ती पुन्हा म्हणायची. वहिनी आणि मी भाऊंच्या मागे बसलो.

"मुलगी शाळेत का गेली नाही?"

"पोरगी शाळेत काहून नाही गेली?"

"मला थोडं पाणी द्या."

"मले जरासं पानी द्या."

भाऊ पटापट बोलत होते, आम्ही दोघी खूश. शेवटी मुलीने पेन खाली ठेवलं आणि हळूच म्हणाली, दहापैकी एकही बरोबर नाही, नसेतून काही पोचत नसावं. वहिनी पांढऱ्या पडल्या. माझं मात्र डोकंच फिरलं.

"अगं बाई, त्यांनी ऐकलं, समजून घेतलं, वर आपल्या बोलीत सांगितलं. अजून काय पाहिजे तुला?"

मुलगी ओशाळली. दहाच्या दहा फुल्या तिने खोडल्या. वहिनी पदराने डोळे पुसत अगदी तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "आता मले जपून बोला लागन."

भाऊंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"तुले तं लागनच, निर्मला."