बदललेली चिठ्ठी
आज माझ्या मोडलेल्या हातावर ओलं प्लास्टर गुंडाळताना चुन्यासारखा वास आला आणि केदारखेड्याच्या शाळेतलं हाडं तपासायचं शिबिर आठवलं. शाळेच्या भिंतींना नुकताच चुना दिलेला होता. मी तेव्हा चौतीस वर्षांची. गर्भाच्या पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढून तीन वर्षं झाली होती, पाळी तेव्हाच गेली होती. सासूबाईंचे गुडघे दुखायचे म्हणून आम्ही गेलो, तर मशीनवाल्या मुलीनं आधी मलाच बसवलं, माझ्या टाचेला थंडगार जेल लावलं आणि मग त्यांच्या. दोन चिठ्ठ्या निघाल्या. त्या वाचून डॉक्टर हसले, “आजींची हाडं धड आणि सुनेची ठिसूळ? चिठ्ठ्या बदलल्या वाटतं.” सासूबाई लगेच म्हणाल्या, “बदलल्याच असतील. तिला काय धाड भरली? गुडघे तं माहे दुखून राह्यले.” गोळ्या त्यांच्या ओच्यात गेल्या. पहिली चिठ्ठी माझीच होती, हे मला माहीत होतं. पण पाळी लवकर गेली की हाडं ठिसूळ होतात, तरी पाळीचं कोणी विचारलं नाही, आणि चारचौघांत सासूला खोटं पाडायची आमच्यात रीत नव्हती. पुढं वर्षभर ती गोळी रोज सकाळी दुधासोबत मीच त्यांच्या हातावर ठेवत गेले. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि माझं हे तिसरं हाड मोडलंय. “सांभाळून चालावं की जरा,” असं रागावत त्यांनीच प्लास्टर वाळेपर्यंत माझा हात धरून ठेवला. त्यांचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता.